वाचकांचे प्रश्न : साठ मीटर आणि पाच अडथळे

जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धेतील पुरुषांच्या ६० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीविषयी मागील अंकात आम्ही एक छोटे टिपण छापले होते. ही शर्यत साडेसात सेकंदांच्या आत संपते आणि त्या वेळातली तयारी मात्र वर्षानुवर्षांची असते, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे असे ठरवले. बरेच प्रश्न एकमेकांशी जुळणारे असल्याने ते एकत्र केले आहेत आणि म्हणूनच पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मैदानावर ११० मीटर आणि दहा अडथळे असतात, तर बंदिस्त स्टेडियममध्ये ६० मीटर आणि पाच अडथळे. मग ही मोठ्या शर्यतीची अर्धी आवृत्ती आहे असे समजावे का?

अडथळ्यांच्या संख्येपुरते तसे म्हणता येईल. शर्यतीच्या स्वभावाबाबत मात्र नाही. दोन्ही शर्यतींत पुरुषांच्या अडथळ्याची उंची १०६.७ सेंटिमीटर असते, आरंभरेषेपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरवर असतो आणि त्यापुढे प्रत्येक दोन अडथळ्यांमधले अंतर ९.१४ मीटर असते. हे विचित्र दिसणारे आकडे जुन्या यार्डांच्या मापातून आलेले आहेत. मूळ शर्यत १२० यार्डांची होती. तिच्यात पहिल्या अडथळ्यापर्यंत १५ यार्ड, मधली नऊ अंतरे प्रत्येकी १० यार्डांची आणि शेवटी पुन्हा १५ यार्ड, असा नीटस हिशेब होता, आणि अडथळ्याची उंची साडेतीन फूट होती. मीटरचे माप आल्यावर एकूण अंतर ११० मीटर झाले; अडथळ्यांची मांडणी मात्र जुनीच राहिली.

बंदिस्त स्टेडियममधली फेरी साधारणपणे २०० मीटरची असते आणि सरळ धावपट्टी तिच्या मधोमध आखलेली असते. आरंभापूर्वीची थोडी जागा आणि शर्यत संपल्यावर थांबण्यासाठी लागणारी जागा सोडली की ६० मीटर सोयीचे पडतात. त्यात पाच अडथळे बसतात आणि पाचव्यापासून अंतिम रेषेपर्यंत ९.७२ मीटर उरतात. ११० मीटरमध्ये हेच अंतर १४.०२ मीटर असते. चार मीटरांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण मोठ्या शर्यतीत शेवटचा अडथळा चुकला तरी सावरायला थोडी जागा असते, तर इथे पाचव्या अडथळ्यानंतर पाय जमिनीवर टेकतो न टेकतो तोच छाती पुढे झोकण्याची वेळ येते.

खरा फरक याहून खोल आहे. ११० मीटरमध्ये आरंभ फसला तरी पुढे नऊ अंतरे दुरुस्तीसाठी हाताशी असतात आणि सातव्या-आठव्या अडथळ्याजवळ पुढच्यांची लय बिघडू लागली की मागून येणाऱ्याला संधी मिळते. ६० मीटरमध्ये ती संधी जवळपास नाहीच. पहिल्या अडथळ्यावर जो पुढे असतो तो बहुधा शेवटपर्यंत पुढे असतो, आणि म्हणूनच या शर्यतीत आरंभाची व पहिल्या उडीची जी परीक्षा होते तशी मैदानावर कधीच होत नाही. ही शर्यत कमी महत्त्वाची आहे असा समज अनेक पत्रांतून दिसला. तो मला मुळीच मान्य नाही.

प्रश्न : धावपटू अडथळ्यांना सर्रास धडकतात, कधीकधी दोन-तीन अडथळे आडवे होतात, तरीही कोणी बाद होत नाही. मग अडथळा ओलांडण्याला अर्थ काय राहिला?

सर्वाधिक पत्रांत हाच प्रश्न होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अडथळा पाडणे हा आजच्या नियमांनुसार आपोआप गुन्हा ठरत नाही. एके काळी तो ठरत असे. जुने अडथळे जड असत, त्यांचा पाया दोन्ही बाजूंना पसरलेला असे आणि ते सहजी कलंडत नसत. एका शर्यतीत तीन अडथळे पाडणारा बाद होई आणि विक्रम मान्य व्हायचा असेल तर सगळे अडथळे उभे राहावे लागत. १९३०च्या दशकात इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा अडथळा आला. त्याचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला असतात, त्यामुळे धक्का बसला की तो पुढच्या दिशेला पडतो आणि धावपटूला इजा होण्याचा धोका घटतो. आजच्या नियमानुसार वरच्या पट्टीच्या मध्यावर आडवा जोर लावला असता अडथळा कलंडण्यासाठी किमान ३.६ आणि कमाल ४ किलो इतका जोर लागला पाहिजे. त्यासाठी पायांवर सरकवता येणारी वजने असतात आणि अडथळ्याच्या उंचीप्रमाणे पंच ती आधी जुळवून घेतात. संपूर्ण अडथळ्याचे वजन किमान १० किलो असते.

म्हणजे शिक्षा आहे. ती पंचांऐवजी अडथळाच देतो. पुढच्या पायाची टाच किंवा मागच्या पायाचा गुडघा पट्टीला लागला की वेग तुटतो, शरीर किंचित फिरते आणि पुढची तीन पावले ठरलेल्या जागी पडत नाहीत. मांडीचा किंवा घोट्याचा नुसता ओझरता स्पर्श झाला तर फारसे बिघडत नाही, आणि अव्वल धावपटू अडथळ्याच्या इतके जवळून जातात की असे स्पर्श होणारच. अडथळ्याच्या वर भरपूर मोकळी जागा ठेवून जाणारा धावपटू दिसायला सफाईदार वाटतो, पण तो हवेत जास्त वेळ घालवतो, आणि हवेत असताना वेग वाढवता येत नाही. तेव्हा पडलेला अडथळा म्हणजे वाईट तंत्र, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

पंच बाद करतात ते वेगळ्या कारणांसाठी. अडथळा ओलांडण्याच्या क्षणी पाय किंवा पाऊल अडथळ्याच्या बाजूने, त्याच्या वरच्या पातळीच्या खालून गेले तर धावपटू बाद होतो. मागचा पाय आळसावून बाहेरून ओढणाऱ्यांना हा नियम भोवतो. हाताने, धडाने किंवा पुढे टाकलेल्या पायाच्या वरच्या बाजूने अडथळा पाडला तरी बाद. आणि आपल्या किंवा शेजारच्या धावण्याच्या पट्टीतल्या (लेनमधल्या) अडथळ्याला धक्का देऊन दुसऱ्याच्या धावण्यात व्यत्यय आणला तरीही बाद.

शेजाऱ्याचा प्रश्न इथे नेहमीच नाजूक असतो. धावण्याच्या एका पट्टीची रुंदी जेमतेम १.२२ मीटर. अडथळ्यावर शरीराचा तोल राखण्यासाठी हात बाजूला फेकावे लागतात आणि एकाचा डावा पाय पुढे, तर शेजाऱ्याचा उजवा, अशी जोडी शेजारी आली की हात एकमेकांना लागतात. मैदानावरच्या शर्यतीतले याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०११च्या देगू येथील जागतिक स्पर्धेचे आहे. ११० मीटरच्या अंतिम फेरीत क्युबाचा डायरॉन रोब्लेस पहिला आला, पण शेवटच्या अडथळ्यांजवळ त्याचा हात शेजारच्या चीनच्या लिउ शियांगला लागला होता. रोब्लेसला बाद करण्यात आले, सुवर्णपदक अमेरिकेच्या जेसन रिचर्डसनला मिळाले आणि लिउला रौप्यावर समाधान मानावे लागले. माझ्या मते निर्णय योग्यच होता. पण तो स्पर्श मुद्दाम केलेला होता असे त्या शर्यतीचे चित्रण पाहून वाटत नाही, आणि नियमही हेतू विचारत बसत नाही, व्यत्यय आला का एवढेच पाहतो.

प्रश्न : सगळे धावपटू दोन अडथळ्यांमध्ये सारखीच पावले टाकताना दिसतात. हे ठरवून होते का? आणि पहिल्या अडथळ्यापर्यंत सात पावले की आठ, हा काय वाद आहे?

दोन अडथळ्यांमधल्या ९.१४ मीटरांत तीन पावले, हे जागतिक दर्जाच्या प्रत्येक पुरुष धावपटूसाठी ठरलेले आहे. एक अधिक टाकले तर चार होतात, पुढच्या अडथळ्यावर दुसरा पाय पुढे येतो आणि बहुतेकांचे सगळेच गणित विस्कटते. पण तीन पावले म्हणजे लांब लांब ढांगा, असे समजू नये. उलट आहे. अडथळ्याच्या साधारण दोन मीटर अलीकडे पाय सुटतो आणि ओलांडल्यावर सव्वा ते दीड मीटर पलीकडे पाय टेकतो. म्हणजे मध्ये धावायला उरतात साडेपाच मीटर आणि काहीसे अधिक. सरळ धावताना ज्याचे एक पाऊल दोन मीटरपेक्षा लांब पडते, त्याला इथे तीन पावले आखडून टाकावी लागतात. त्यामुळे उत्तम हर्डलर (अडथळ्यांच्या शर्यतीचा धावपटू) आणि साध्या शर्यतीचा उत्तम धावपटू यांतला फरक वेगाचा नसून पावलांच्या जलदीचा असतो: आखडलेले पाऊल, पण जमिनीवरून क्षणात उचललेले. उंच धावपटूला अडथळा सोपा जातो आणि मधली जागा मात्र अडचणीची होते. बुटक्याचे नेमके उलटे. इतक्या वर्षांत या शर्यतीत फार उंच माणसांचे एकछत्री राज्य झालेले नाही, त्याचे कारण हेच आहे असे मला वाटते.

आता सात-आठचा वाद. आरंभरेषेपासून पहिल्या अडथळ्यासाठी पाय सुटण्याच्या जागेपर्यंत साडेअकरा मीटरांच्या आसपास अंतर असते. कित्येक दशके बहुतेक सर्वजण ते आठ पावलांत कापत. रोब्लेसने सात पावलांचा आरंभ यशस्वी करून दाखवला आणि मग लिउ शियांग, अमेरिकेचा एरीज मेरिट अशा प्रस्थापित धावपटूंनीही आपली जुनी सवय मोडली. ही सवय मोडणे म्हणजे काय, हे स्टार्टिंग ब्लॉकमध्ये, म्हणजे आरंभी पाय रोवण्याच्या आधारांत, पाहिले की कळते. आठ पावले टाकणारा ज्या पायावर झेप घेतो तोच पाय ब्लॉकमध्ये पुढे असतो. पावले सात केली की झेपेचा पाय ब्लॉकमध्ये मागे न्यावा लागतो. पुढे टाकायचा पाय बदलायचा नसेल तर दोन्ही पायांची जागा अदलाबदल करून, वर्षानुवर्षे गिरवलेला आरंभ उलट्या पायांनी पुन्हा शिकावा लागतो. मेरिटने तो २०१२च्या हंगामापूर्वी शिकला. त्या वर्षी मार्चमध्ये इस्तंबूल येथे त्याने ६० मीटरचे जागतिक इनडोअर विजेतेपद ७.४४ सेकंदांत मिळवले, ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकचे सुवर्ण घेतले आणि ७ सप्टेंबरला ब्रुसेल्समध्ये ११० मीटरचा १२.८० सेकंदांचा विश्वविक्रम केला.

म्हणून सात पावले सर्वांसाठी श्रेष्ठ, असे मात्र म्हणता येत नाही. सात पावलांत प्रत्येक पाऊल लांब पडते, त्यासाठी सुरुवातीलाच मोठा जोर लागतो आणि ज्याच्याकडे तो जोर नाही तो पहिल्या अडथळ्याशी हात पसरून, ताणून पोहोचतो. त्यापेक्षा नीट टाकलेली आठ पावले केव्हाही बरी. पाय सुटण्याची जागा अडथळ्यापासून योग्य अंतरावर आली की नाही, हे पावलांच्या संख्येपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. फार जवळून झेप घेतली तर शरीर वर उचलले जाते आणि उडी मारल्यासारखे होते. थोडे लांबून घेतली तर शरीर पुढे जात राहते आणि पाय तेवढा पट्टीवरून जातो.

या सगळ्या कौशल्याची किंमत आकड्यांत पाहता येते. ब्रिटनचा कॉलिन जॅक्सन १९९४मध्ये पॅरिस येथील युरोपियन इनडोअर स्पर्धेत ६० मीटर साधी शर्यत आणि ६० मीटर हर्डल्स या दोन्ही जिंकला होता. साध्या शर्यतीत त्याची वेळ ६.४९ सेकंद होती आणि हर्डल्समध्ये त्याच महिन्यात, ६ मार्च १९९४ रोजी, जर्मनीतील झिंडेलफिंगन येथे त्याने ७.३० सेकंदांचा विश्वविक्रम केला. फरक ०.८१ सेकंदांचा. म्हणजे सव्वातीन फुटांपेक्षा उंच असा एकेक अडथळा त्याला सेकंदाच्या सहाव्या भागाइतकाच महाग पडला. तंत्राच्या दृष्टीने जॅक्सनपेक्षा सरस हर्डलर मी पाहिलेला नाही.

प्रश्न : चुकीच्या आरंभाबद्दल, म्हणजे बंदुकीआधी निघाल्याबद्दल, एकदा तरी संधी का देत नाहीत? जगज्जेता एका क्षणात बाद होतो, हे प्रेक्षकांवरही अन्यायाचे नाही का?

पूर्वी देत असत. २००३पूर्वी प्रत्येक धावपटूला एक चूक माफ होती. २००३ ते २००९ या काळात संपूर्ण शर्यतीला मिळून एक चूक माफ असे आणि त्यानंतर जो चुकेल तो बाद, मग पहिली चूक त्याची असो वा नसो. त्यामुळे काही जण पहिली चूक मुद्दाम करून इतरांना बिचकवतात, अशी तक्रार होऊ लागली. १ जानेवारी २०१०पासून पहिल्याच चुकीला बाद करण्याचा नियम लागू झाला. डेकॅथलॉनसारख्या, अनेक प्रकार मिळून होणाऱ्या संयुक्त स्पर्धा सोडल्या तर तो सगळीकडे चालतो. बंदुकीच्या आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत ब्लॉकवर दाब आला तर ती चूक मानली जाते, कारण त्याहून लवकर ऐकून हालचाल करणे माणसाला शक्य नाही असे गृहीत धरलेले आहे. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे ध्वनिक्षेपक असतो, म्हणजे बंदुकीजवळच्या पट्टीला आवाज आधी आणि दूरच्या पट्टीला नंतर पोहोचला, असे होत नाही.

नियम कठोर आहे हे खरे. पण ६० मीटर हर्डल्समध्ये जुन्या पद्धतीने काय होत असे याचा एक नमुना सांगतो. २००८च्या व्हॅलेन्सिया येथील जागतिक इनडोअर स्पर्धेत रोब्लेस हा मोठा दावेदार होता. प्राथमिक फेरीत बंदूक वाजली, आरंभ चुकला असावा आणि सर्वांना परत बोलावतील असे समजून तो थांबला. परत बोलावणारी बंदूक वाजलीच नाही. बाकीचे पुढे निघून गेले आणि त्याची स्पर्धा तिथेच संपली. विजेतेपद लिउ शियांगने ७.४६ सेकंदांत मिळवले. चुका माफ होत्या तेव्हा शर्यत मागे बोलावली जाणे नेहमीचे होते आणि त्या सवयीतून असा संभ्रम होऊ शके. दोन वर्षांनी दोहा येथे, नव्या नियमाखाली, रोब्लेसने ७.३४ सेकंदांत विजेतेपद घेतले. अमेरिकेचा टेरन्स ट्रॅमेल ७.३६ सेकंदांत दुसरा आला. माझे मत नव्या नियमाच्या बाजूने आहे. ज्या शर्यतीत आरंभच अर्धे यश ठरवतो तिथे आरंभाशी खेळ करायला वाव ठेवू नये.

प्रश्न : शंभराव्या भागाच्या फरकाने पदक जाते. हे मोजतात कसे आणि त्यात चूक होत नाही का?

अंतिम रेषेच्या सरळ रेषेत लावलेला कॅमेरा फक्त त्या रेषेचाच अरुंद पट्टा सेकंदाला हजार किंवा त्याहून जास्त वेळा टिपतो. ते पट्टे शेजारी शेजारी लावले की जी प्रतिमा तयार होते ती फोटो फिनिश. तिच्यात आडव्या दिशेला अंतर नसून वेळ असतो, म्हणूनच धावपटू विचित्र ताणलेले किंवा आखडलेले दिसतात. पंच प्रत्येकाच्या धडाची पुढची कड पाहतात. डोके, मान, हात, पाय हे काहीच मोजले जात नाही. वेळ हजाराव्या भागापर्यंत वाचली जाते आणि जाहीर करताना पुढच्या शंभराव्या भागावर नेली जाते; ७.४११ सेकंदांची नोंद ७.४२ अशी होते. दोघांची जाहीर वेळ सारखी असेल तर क्रम लावण्यासाठी हजारावा भाग पाहतात.

शेवटी धावपटूचा वेग ताशी तीस किलोमीटरांच्या आसपास असतो, म्हणजे एका शंभराव्या भागात तो आठ-नऊ सेंटिमीटर पुढे सरकतो. छाती वेळेवर पुढे झुकवली तर एवढे अंतर सहज मिळते, आणि पाचव्या अडथळ्यानंतर धावायला जागाच थोडी असल्याने या शर्यतीत झुकणे हे तंत्राचेच अंग आहे. २०१४मध्ये पोलंडमधील सोपोट येथील जागतिक इनडोअर स्पर्धेत पदके ७.४५, ७.४६ आणि ७.४७ या वेळांना गेली: अमेरिकेचा ओमो ओसाघे, फ्रान्सचा पास्कल मार्टिनो-लागार्ड आणि त्याचाच देशबांधव गारफील्ड दारियें. २०१८मध्ये बर्मिंगहॅमला ब्रिटनच्या अँडी पॉझीने अमेरिकेच्या जॅरेट ईटनला एका शंभराव्या भागाने मागे टाकले, ७.४६ विरुद्ध ७.४७.

या शंभराव्या भागांनी सर्वांत जास्त छळले ते जॅक्सनला. याच स्पर्धेत १९८९मध्ये बुडापेस्टला रॉजर किंगडमच्या मागे ०.०२ सेकंदाने, १९९३मध्ये टोरांटोला मार्क मकॉयच्या मागे पुन्हा ०.०२ सेकंदाने आणि १९९७मध्ये पॅरिसला अनिएर गार्सियाच्या मागे ०.०१ सेकंदाने तो दुसरा आला. तिन्ही रौप्यपदकांतली तूट मिळून सेकंदाचा विसावा भाग. तिसऱ्या वेळी तर विश्वविक्रम त्याच्याच नावावर होता. अखेर १९९९मध्ये जपानमधील माएबाशी येथे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने ७.३८ सेकंदांत सुवर्ण मिळवले. त्या वेळी पायांइतकेच त्याच्या झुकण्याचेही कौतुक झाले होते, कारण अंतिम रेषेवर छाती झोकण्यात त्याचा हातखंडा होता.

प्रश्न : ६० मीटरमध्ये जिंकणारा ११० मीटरमध्येही जिंकतोच का?

नाही, पण दोन्हींत मोठे नाव कमावणारे पुष्कळ आहेत. मेरिटचे उदाहरण वर आलेच. ॲलन जॉन्सनने १९९५, २००३ आणि २००४ अशी तीन जागतिक इनडोअर विजेतेपदे मिळवली आणि १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकचे सुवर्णही घेतले.

आजच्या काळात हा प्रश्न अमेरिकेच्या ग्रँट हॉलोवेविषयी विचारायला हवा. जॅक्सनचा ७.३० सेकंदांचा विक्रम जवळजवळ २७ वर्षे टिकला. तो हॉलोवेने २४ फेब्रुवारी २०२१ रोजी माद्रिद येथे ७.२९ सेकंदांनी मोडला आणि १६ फेब्रुवारी २०२४ रोजी अल्बुकर्की येथे ७.२७ सेकंदांवर आणला. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरपेक्षा उंच आहे आणि तिथली विरळ हवा कमी अंतराच्या शर्यतींना मदत करते, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण लगेच पुढच्या महिन्यात ग्लासगोला, कसल्याही उंचीच्या मदतीशिवाय, तो अंतिम फेरीत ७.२९ सेकंद धावला आणि इटलीचा लोरेन्झो सिमोनेली ७.४३ सेकंदांत दुसरा आला. पाच अडथळ्यांच्या शर्यतीत ०.१४ सेकंदांचे अंतर म्हणजे सव्वा मीटरभर मोकळी जागा. २०२२मध्ये बेलग्रेड, २०२४मध्ये ग्लासगो आणि २०२५मध्ये नानजिंग अशी लागोपाठ तीन जागतिक इनडोअर विजेतेपदे त्याने मिळवली.

आणि तरीही टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत, ऑगस्ट २०२१मध्ये, पहिल्या अर्ध्या शर्यतीत पुढे असलेला हॉलोवे शेवटच्या टप्प्यात जमैकाच्या हान्सल पार्चमेंटला आवरू शकला नाही. पार्चमेंट १३.०४, हॉलोवे १३.०९. ती शर्यत पाचव्या अडथळ्यापाशी संपली असती तर निकाल निर्विवाद होता. तीन वर्षांनी पॅरिसला त्याने ऑलिंपिक सुवर्णही मिळवले, १२.९९ सेकंदांत. मार्टिनो-लागार्डची गोष्ट वेगळी. त्याने २०१२ ते २०२२ या दहा वर्षांत ६० मीटरमध्ये जागतिक इनडोअरचे एक कांस्य आणि तीन रौप्य मिळवले, सुवर्ण मात्र एकदाही नाही. दशकभर इतक्या वरच्या दर्जावर टिकणे किती कठीण आहे हे ज्यांना कळते ते त्याचे नाव विजेत्यांच्या बरोबरीने घेतात.

प्रश्न : साठ मीटरनंतर समोर भिंत असते. धावपटू थांबतात कसे?

अंतिम रेषेपलीकडे किमान १० मीटर मोकळी जागा असावी असा नियम आहे आणि तेवढ्यात पूर्ण वेगातला माणूस सहज थांबत नाही. म्हणून शेवटी जाड फोमच्या गाद्या उभ्या केलेल्या असतात आणि धावपटू हात पुढे करून त्यांवर आदळतात. दूरचित्रवाणीवर ते धोक्याचे वाटते, पण त्याची त्यांना सवय असते.

प्रश्न : महिलांचे अडथळे वेगळे असतात का?

होय. उंची ८३.८ सेंटिमीटर, पहिला अडथळा १३ मीटरवर, मधली अंतरे ८.५० मीटरची आणि शेवटी पुन्हा १३ मीटर. अडथळे संख्येने पाचच आणि मधली पावलेही तीनच. अडथळा कमी उंचीचा असल्याने तिथे साध्या धावण्याच्या वेगाला अधिक महत्त्व येते.

प्रश्न : इतक्या थोड्या वेळात शर्यत संपते की नेमके काय पाहावे तेच कळत नाही. काही सांगाल का?

पहिल्यांदा विजेत्याकडे न पाहता पहिल्या अडथळ्याकडे पाहावे. बंदुकीनंतर अडीच सेकंदांच्या आसपास आघाडीचे धावपटू तो ओलांडून पाय टेकतात आणि त्यानंतर साधारण एकेका सेकंदाला एक अडथळा पार होतो. कोणाचा पाय आधी टेकला ते टिपा. तो क्रम अंतिम क्रमाशी किती जुळतो, हे दोन-तीन शर्यतींत लक्षात येईल.

दुसऱ्यांदा, म्हणजे पुनर्प्रक्षेपणात, फक्त डोकी पाहावीत. ज्याचे डोके अडथळ्यांवरून जाताना जवळपास एका पातळीत राहते त्याचे तंत्र उत्तम आणि ज्याचे प्रत्येक अडथळ्यावर वर उचलले जाते तो वेळ गमावत असतो. बाजूच्या कॅमेऱ्यातून हे स्वच्छ दिसते. समोरच्या कॅमेऱ्यातून मागच्या पायाचा गुडघा पाहावा: तो काखेकडे वर येऊन सरळ पुढे येत असेल तर पुढचे पाऊल वेळेवर पडते, आणि बाहेरच्या बाजूला भरकटत असेल तर शरीर तिरके होते व धावपटू पट्टीच्या कडेला सरकतो.

शक्य असेल तर प्राथमिक फेऱ्याही चुकवू नयेत. प्राथमिक, उपांत्य आणि अंतिम अशा तिन्ही फेऱ्या पुष्कळदा एकाच दिवशी होतात आणि सर्वोत्तम वेळ अंतिम फेरीतच लागते असे नाही. २०२२मध्ये बेलग्रेडला हॉलोवेने स्वतःच्या तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी करणारी ७.२९ सेकंदांची वेळ उपांत्य फेरीत दिली आणि त्याच दिवशी अंतिम फेरी ७.३९ सेकंदांत जिंकली. ज्यांनी दूरचित्रवाणी संच अंतिम फेरीलाच सुरू केला त्यांना सुवर्णपदक दिसले, पण त्या दिवसाची सर्वांत वेगवान धाव त्यांच्या हातून निसटली.